बाहेरून उलटं, आतून सुलटं

मंठाळ
११ फेब्रुवारी २०२४

धम्मानंदास आजीचा जयभीम.

मी सरुबाई. तुझ्या बापाची आई. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना ‘ही कोण बाई’ म्हणून डोकं खाजवत बसायला नको. कलबुर्गीला गेलं की माणसं गाव विसरतात म्हणे, तू तर माणसंबी विसरलास. थंडीत वाकळ शिवून पाठवली, तिचं ‘पोचली’ एवढंबी कळवलं न्हाईस. का टाके मोजत बसलायस अजून?

फोन करतो म्हणू नकोस. फोनमधी तुझं बोलणं मला माशी गुणगुणल्यागत ऐकू येतं, आन् मी बोलायला लागले की तू ‘व्हय व्हय’ करून ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत न्हाई. ही प्रियंका लिहून घ्यायलीय. तुझी बहीण अंगणवाडीत लेकरांना अक्षरं शिकवती. मला शिकव म्हटलं तर म्हणती, ‘आजी, तू अक्षरालाबी नावं ठेवशील.’ पोरगी मला ओळखून हाय.

आता कामाचं. यंदा बुद्धपौर्णिमेला आपल्या नव्या विहाराचं उद्घाटन हाय. राजपालला जाऊन तेव्हाच वर्ष होतंय. तुझ्या बापानं विहाराच्या चौकटी केल्या, खिडक्या केल्या, आन् मधल्या दालनात उभं करायचं चक्र तेवढं राहिलं. सागवानाच्या फळ्या त्यानं चक्रासाठी म्हणून निवडून ठेवल्या होत्या. त्याच्या खडूच्या खुणा अजून हायत त्यांच्यावर. कमिटीवाले म्हणाले, हुमनाबादहून पितळेचं आणू, चकचकीत दिसंल. मी म्हटलं, चकचकीत ताटं घरी लई हायत. चक्र लाकडाचं बसंल आन् राजपालच्या लेकानं केलेलं बसंल. भांडून आलेय. आता मला तोंडावर पाडू नकोस.

फळ्या टेम्पोनं पाठवल्यात. तुझा बाप पटाशीनं टिचटिच कोरत बसायचा. तू म्हणे भुंग्यागत गुरगुरणारं यंत्र फिरवतोस. ते कसं चालतं ते सविस्तर लिही. चक्र गोल होणार का माझ्या भाकरीसारखं, ते मला आधी कळू दे.

सरुबाईचा अंगठा


कलबुर्गी
२० फेब्रुवारी २०२४

आजी, जयभीम.

वाकळ पोचली, अंगावर आहे. टाके मोजले नाहीत, पण एका कोपऱ्यात बाबाच्या निळ्या सदऱ्याचा तुकडा लावलायस, तो सापडला.

फळ्याही पोचल्या. रेवणसिद्धप्पा उस्तादांनी नखानं टोकरून बघितलं आणि म्हणाले, ‘तुझ्या अप्पाला लाकूड कळत होतं.’ त्या जोडून मोठा पाट केला. खडूच्या खुणा पाठीमागच्या अंगाला घेतल्या. तिकडे रंधा लावणार नाही.

तुझ्या भुंग्याला राऊटर म्हणतात. दोन मुठी, मधे मोटार, खाली गरगर फिरणारं पातं. नुसतं धरलं तर ते मन मानेल तिकडं जातं, म्हणून त्याला वाट दाखवावी लागते. सरळ खाच पाहिजे असली की यंत्राच्या बाजूला एक पट्टी लावायची, ती फळीच्या कडेला घासत जाते. कड सरळ तर खाच सरळ. खाच कडेपासून लांब असली तर लाकडावरच दुसरी पट्टी शिकंज्यात आवळायची आणि तिला धरून यंत्र न्यायचं. गोल काढायला लांब दांडी लावतात, तिचं टोक मधोमध खिळ्यात. खुंट्याला बांधलेल्या बैलासारखं यंत्र भोवती फिरतं, त्यामुळं तुझ्या भाकरीसारखं होणार नाही. आऱ्यांमधल्या फटी एकसारख्या यायला प्लायवूडचा साचा करतो. यंत्राच्या बुडाची कडी साच्याला घासत जाते, साचा जसा तशी फट. सगळ्यात शेवटी बाहेरच्या कडेची गोलाई. तिथल्या पात्याला खाली एवढंसं बेरिंग असतं, ते चाकाच्या कडेला टेकून चालतं. तिथं पट्टी नाही, खिळा नाही. सगळा भरवसा हातावर.

उस्तादांनी पहिली गोष्ट कुठली शिकवली सांगू? फिरायचं कसं. आतल्या फटीत यंत्र सुलटं न्यायचं, घड्याळाच्या काट्यासारखं. बाहेरच्या कडेला मात्र उलटं. असं नेलं की पातं लाकडाला अडत अडत कापतं आणि यंत्र आपल्या हातात राहतं. बाहेरून सुलटं नेलं तर पातं लाकडावर चढतं आणि आपल्याला घेऊन पळतं. लुना उतारावर सुटली तर कसं होईल, तसं.

चक्र वेळेत होईल. कमिटीवाल्यांना पितळेचं विसरा म्हणावं.

तुझा धम्मा


मंठाळ
२ मार्च २०२४

धम्मा,

तुझा कागद प्रियंकानं वाचून दाखवला. खुंट्याचा बैल कळला, साचा कळला. ते साच्याचं तर मी करंज्या कातताना करतेच, फकत गुरगुरत न्हाई. पण शेवटी तू जे लिहिलंस ते माझ्या घशाखाली उतरंना.

आतून सुलटं आन् बाहेरून उलटं, हे रे कुठलं शास्त्र? आत कोण बघायलाय? फिरतात ते बाहेरून. आपल्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा मी झबल्यात होते, तेव्हापास्नं बघायलेय, चैत्याला फिरायचं ते उजवा हात आत ठेवून, सुलटं. उलटं फिरायचे ते जुन्या काळी मयताभोवती. तुझ्या बापाच्या नावाचं चक्र, आन् त्याचा लेकच त्याच्याभोवती उलटा फिरणार? मयताचं फिरणं एकदा झालं. आता पुन्हा नगं.

दुसऱ्यांचे सोफे, कपाटं उलटी कर, न्हाईतर उभी कर, मला काय करायचंय. ह्या एका चाकाला बाहेरून सुलटंच फिर. हळू फिर, धीरानं फिर. एवढासा भुंगा तुझ्यासारख्या दांडग्याला कुठं पळवून नेणार हाय? तुझी आई गेली तेव्हा प्रियंका पाळण्यात आन् तू कडेवर होतास, तुला मी वागवलंय, भुंग्याचं काय सांगतोस मला.

इकडं शेजारच्या भागाबाईला सांगून ठेवलंय, चक्र आलं की पहिली फेरी माझी. ती म्हणाली, ‘अक्का, गुडघे चालतील का?’ म्हटलं, तुझं तोंड चालतंय तोवर माझे गुडघे चालतील.

सरुबाईचा अंगठा


कलबुर्गी
१३ मार्च २०२४

आजी, जयभीम.

आरे झाले. चोवीसच्या चोवीस. साच्यावरून कडी एकदाही सुटली नाही. फटींतून पलीकडचं दिसतं, उस्तादांनी त्यातून डोळा लावून मला वेडावून दाखवलं. आता फक्त बाहेरची गोलाई राहिलीय.

तू म्हणतेस तसं करतो. आधी रद्दी लाकडावर सुलटं चालवून बघितलं, ओढ घेतं, पण मुठी आवळून धरल्या तर जमेल असं वाटतं. उस्तादांना सांगणार नाही, ते काम बंद करतील. दुपारी ते जेवायला घरी जातात, तेव्हा करून टाकतो. बाबाला वर्षभरात मी काय दिलं? निदान एक फेरी तरी नीट होऊ दे.

भीमजयंतीला चक्र घेऊनच येतो. भागाबाईला बाजूला सरकायला सांग.

तुझा धम्मा


मंठाळ
१८ एप्रिल २०२४

धम्मा,

जयंती झाली. पोरं नाचून नाचून बसली, निळा गुलाल माझ्या जावळात अजून हाय, जावळ उरलंय तेवढ्यात. तू आला न्हाईस. चक्रबी आलं न्हाई. कमिटीवाले मला दिसले की पितळेच्या भांड्यांविषयी बोलायला लागतात.

बसस्टँडवर मी दिवस कलेपर्यंत बसले होते. कलबुर्गीची गाडी आली की उठायचे आन् पुन्हा बसायचे. भागाबाई म्हणाली, अक्का, तुमचा चांगला व्यायाम व्हायलाय.

कामून आला न्हाईस, एवढं तरी कळव. लगीन जमवलं असशील तर सांगून टाक, मी रागावणार न्हाई, फकत नाकं मुरडीन.

सरुबाईचा अंगठा


कलबुर्गी
२६ एप्रिल २०२४

आजीस जयभीम.

मी बरा आहे. दुकानात कामाची गर्दी आहे, म्हणून जयंतीला येता आलं नाही. माफ कर. चक्र झाल्यात जमा आहे, उस्ताद बुद्धपौर्णिमेच्या आधी टेम्पोनं पोचवतील. मला यायला जमेल असं वाटत नाही. तू जेवणखाण वेळेवर करत जा. लगीन वगैरे काही नाही.

धम्मानंद


मंठाळ
३० एप्रिल २०२४

रेवणसिद्धप्पा अण्णांस सरुबाईचा जयभीम.

आपली एकदाच भेट, राजपालच्या मातीला तुम्ही आला होता तेव्हाची. तुम्ही शांत माणूस वाटलात, म्हणून तुम्हाला लिहायलेय.

मला वाचता येत न्हाई. पण माझा नातू कागदावर असा दाबून लिहितो, की मागून बोट फिरवलं तर ओळी हाताला लागतात. प्रियंका वाचून उठली की मी कागद पालथा करून तेवढं वाचते. परवा आला त्या कागदाची पाठ कोऱ्या पाटीगत सपाट हाय. आन् आत एक चेष्टा न्हाई. आजीनं लगनावरून छेडलं आन् धम्मानं उलट टोला दिला न्हाई, असं कधी झालं न्हाई.

प्रियंकाला विचारलं, हे त्याचंच अक्षर का गं? ती म्हणाली व्हय, आन् चुलीकडं बघायला लागली. आता हे लिहिताना तिच्या नाकातून पाणी येतंय. म्हणजे तिला माहीत हाय. घरात मी एकटीच राहिलेय जिला माहीत न्हाई.

अण्णा, खरं काय ते लिहा. म्हातारीला झेपंल का न्हाई ते तुम्ही ठरवू नका.

सरुबाईचा अंगठा


कलबुर्गी
६ मे २०२४

सरुबाई अक्का, शरणु शरणार्थी.

तुमच्या नातवानं मला शपथ घातली होती. पण तुम्ही सरळ विचारलंत, आता मी लपवलं तर मला जेवण जाणार नाही.

मार्च महिना संपताना, मी दुपारी जेवायला गेलो असताना, तो चक्राच्या बाहेरच्या कडेला गोलाई देत होता. अर्ध्या फेरीच्या पुढे गेला होता. तिथं यंत्र उसळलं, कडेवरून सुटलं. यंत्र पडलं असतं तर आऱ्यांवर पडलं असतं, म्हणून त्यानं उजवा हात आडवा घातला. अंगठ्याजवळची दोन बोटं गेली अक्का, मुळापासून. मी आलो तेव्हा दुसऱ्या हातानं तो चक्र पुसत होता. दवाखान्यात दोनदा चिरफाड केली. जखम आता भरली. तुम्हाला आलेलं पत्र आमच्या इथल्या व्यंकटनं लिहून दिलं.

मला एक गोष्ट कळेना. बाहेरच्या कडेला यंत्र उलटं न्यायचं, हे त्याला झोपेत विचारलं तरी येतं. दुकानात नवा माणूस आला की हाच शिकवतो. आणि लाकडावरचे वळ बघितले तर सगळे सुलटे. मी विचारलं, ‘याकप्पा? का रे बाबा, असं कामून केलंस?’ तर ‘चुकलं’ एवढंच म्हणतो. पोरगा गुणी आहे, पण त्या दिवशी ध्यान जाग्यावर नव्हतं एवढं खरं. तुम्ही मोठ्या आहात. एकदा त्याला चांगलं झापा, म्हणजे जन्मभर लक्षात राहील.

उरलेली गोलाई मी करून दिली. यंत्र सुटलं तिथं कडेला एक खाच पडलीय, ती काढायची म्हटलं तर पूर्ण चाक लहान करावं लागेल. तो नको म्हणाला.

त्याला मी काढणार नाही. खुणा करायचं, साचे करायचं काम आहे. पण यंत्राचा आवाज आला की तो बाहेर जाऊन उभा राहतो.

रेवणसिद्धप्पा


मंठाळ
१० मे २०२४

धम्मा,

तुझ्या उस्तादाचा कागद आला. त्यांनी मला तुला झापायला सांगितलंय. कुणाला झापू?

त्यांना कळंना झालंय, पोरगा सुलटा कामून फिरला. मला वाचून दाखवताना प्रियंका त्या जाग्यावर थांबली आन् माझ्याकडं बघितली. तिनंच लिहिलं होतं ना मार्चमधलं पत्र, माझ्या तोंडून ऐकून.

तू मला सगळं समजावून सांगितलं होतंस. लुनाबी सांगितलीस. मी ऐकलं, हसले, आन् मला जे माहीत होतं तेच तुला परत सांगितलं. भुंग्यापुढं कुणाचा धम्म चालत न्हाई, एवढं मला कळायला पाहिजे होतं. लोखंडाला काय कळतंय, चैत्य कुठला आन् कपाट कुठलं.

आन् तू रे? उस्तादाला ‘आजीनं सांगितलं’ एवढं म्हणायला काय झालं होतं? त्याच्या दुकानात धांदरट म्हणून नाव करून घेतलंस. मी त्यांना आज दुसऱ्या कागदावर खरं लिहून पाठवतेय. पोरगा चुकला न्हाई, पोरगा ऐकला.

लहानपणी तुझी बोटं मोजून दाखवायचे मी तुला. आता परत मोजीन म्हणून जयंतीला आला न्हाईस, व्हय ना?

आज मला चेष्टा सुचंना.

सरुबाईचा अंगठा

दादा, हे सांगताना आजी भिंतीकडं तोंड करून बसली होती. अंगठा लावायलाच वळली. — प्रियंका


कलबुर्गी
१७ मे २०२४

आजी,

डाव्या हातानं लिहितोय. थोडंच लिहीन. प्रियंकाला वाचायला त्रास होईल.

तू सांगितलंस हे खरं. पण यंत्र काय करतं ते तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी ठरवून फिरलो. पहिली अर्धी फेरी नीट गेली आजी. तेवढ्या वेळात मला वाटलं, बाबा बघायलाय. मग ते पळालं.

उद्घाटनाला येत नाही. लोक आधी चक्र बघतील, मग माझा हात बघतील, मग तुझ्याकडं बघतील. ते मला नको.

चक्र बुधवारी निघेल. मागच्या अंगाला बाबाच्या खुणा आहेत. भिंतीला लावू नका, उभं करा, म्हणजे दिसतील.

धम्मा


मंठाळ
२६ मे २०२४

धम्मा,

तुझा कागद मी पालथा करून बघितला. ओळी हाताला लागल्या. वाकड्यातिकड्या हायत, पण लागल्या.

चक्र बसलं. मधल्या दालनात, सगळ्या बाजूंनी फिरता येईल असं. भंतेजींनी वंदना घेतली, राजपालचं नाव घेतलं, कमिटीवाल्यांनी भाषणं केली. पितळवाला पहिल्या रांगेत बसून ‘काय काम केलंय, काय काम केलंय’ म्हणत होता. मी त्याला सुपारी दिली, म्हणजे तोंड दुसऱ्या कामाला लागावं.

खाच दिसती. एकजण म्हणाला, लांबीचा लगदा भरून रंग मारू, कळणारबी न्हाई. मी म्हटलं, रंग मारायचा तर आधी मला मार. त्या खाचेत माझं बोट बसतं. लगेच काढलं न्हाई मी.

मग सगळे फिरायला लागले, सुलटे, उजवा हात आत ठेवून. पहिली फेरी माझी म्हणून मला पुढं केलं. माझा पायच उचलंना. म्हटलं, तुम्ही व्हा, मी बसते. लोकांना वाटलं गुडघे. बरं झालं, गुडघ्यांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं काम केलं.

सगळे जेवायला गेले तेव्हा मी उठले. आन् उलटी फिरले. डावा हात आत ठेवून, भिंतीला धरून, तुझ्या उस्तादानं शिकवलं तशी. मागच्या अंगाला तुझ्या बापाच्या खुणा होत्या, तिथं थांबले. खडू हाताला लागत न्हाई, पण बघितला. तुझी फेरी जिथं तुटली, तिथपर्यंत उलट्या अंगानं गेले. भागाबाई पाण्याची घागर न्यायला आली होती. म्हणाली, ‘अय्या अक्का, उलट्या कामून फिरायलाव?’ म्हटलं, ‘धम्माची बोटं शोधायलेय.’ ती हसली, तिला सवय हाय माझी. मग तिनं माझं तोंड बघितलं आन् घागर खाली ठेवली. मला धरून तीबी उलटीच चालली, राहिलेली फेरी.

तुझ्या उस्तादाला माझा कागद पोचला. त्यांनी उत्तर लिहिलंय, ‘अक्का, आता मी कुणाला झापू?’ भला माणूस हाय. त्याच्याकडंच राहा. यंत्र लागलं की बाहेर जाऊन उभं राहा, हरकत न्हाई, पण उभं राहून झालं की आत ये.

तू ये असं मी म्हणत न्हाई. मी सांगितलं की तू करतोस, हे मला आता कळलंय, आन् त्याची मला भीती वाटायलीय. तुझं तू ठरव.

एकच सांगते, त्यात कुणाचं काही तुटायचं न्हाई. कलबुर्गीची मालपुरी पाठव. मऊ बघून घे, माझ्या तोंडात आता दोनच दात हायत आन् तेबी एकमेकांशी बोलत न्हाईत. खवा ताजा हाय का, ते वास घेऊन बघ, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नको. डब्याला फडकं मात्र तुझं तूच बांध, डाव्या हातानं. व्यंकटला गाठ मारायला लावशील तर मला कळंल. सैल बसली, वाटेत सुटली, पाक सगळ्या गाडीभर सांडला, तरी चालंल. डबा तसाच पाठव.